टेंभेकर मास्तरांच्या सव्वीस टोप्या

टेंभेकर मास्तरांच्या घरी टोप्या सव्वीस होत्या आणि डोकं एक. ते एकही कुणी पाहिलेलं नव्हतं. शाळेत, घरात, दाढी करताना, अगदी जेवतानासुद्धा त्यांच्या डोक्यावर काळी टोपी असायचीच. आंघोळीला जाताना काढत असतील. पण तीही मोरीचं दार लावल्यावर काढतात आणि दार उघडायच्या आत घालतात, असं त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, आम्हा शिक्षकांना एकदा चहा देता देता सांगून टाकलं होतं.

ही काळी टोपी सव्वीसांत धरायची नाही. ती रोजची. सव्वीस त्या वेगळ्या. फेल्टच्या, परदेशी आणि ऐतिहासिक. 'ऐतिहासिक' हा शब्द त्यांचा, माझा नव्हे.

सांगलीच्या शाळेत मी लागलो तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई ऐन भरात होती. मी गणिताचा, ते इतिहासाचे. मी बी.ए., ते मॅट्रिक. हे मी मुद्दाम सांगतो. आमच्या सात पिढ्या जतकडच्या माळावर मेंढरं राखत आल्या आणि कागदावर अंगठा न उठवता सही करणारा घरातला मी पहिला. तेव्हा पदवी मी कोटाच्या आतल्या खिशात लपवून ठेवत नाही. टेंभेकरांना पदवी नव्हती, याचं मला काही नव्हतं. पण टोप्या गोळा केल्या म्हणजे विद्वत्ता आली, असं जे त्यांनी धरून ठेवलं होतं, ते मला कधी पचलं नाही.

नव्या मास्तरानं पहिल्या आठवड्यात टेंभेकरांच्या घरी जाऊन टोप्या बघून यायच्या, असा आमच्या शाळेत रिवाजच होता. मीही गेलो. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून तीन फळ्या, फळ्यांवर पालथी घातलेली मडकी आणि प्रत्येक मडक्यावर एक टोपी. मडक्यांना खडूनं नाक-डोळे काढलेले. एका मडक्याला मिशी होती. खाली पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या: 'नेपोलियन', 'डच व्यापारी', 'तुर्की पाशा', 'अमेरिकन गुराखी'. काकू पाणी घेऊन आल्या ते तांब्याच्या कळशीतून. म्हणाल्या, "उन्हाळ्यात गार पाणी मागू नका हो. माठ मागितला की हे म्हणतात, नेपोलियन उघडा पडेल."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "कुठले तुम्ही?"

मी सांगितलं, जतकडचा.

"आडनाव बंडगर. म्हणजे मेंढरंवाले."

"हो."

"असं," ते म्हणाले आणि मी खांद्यावर घडी करून घेतलेल्या जेनाकडे बोट करून, ते बाहेर ओट्यावर ठेवायला सांगितलं. जेन म्हणजे आमच्याकडचं लोकरीचं जाड अंथरूण. ते विणत नाहीत. लोकर पिंजून पसरायची, गरम पाणी शिंपडायचं आणि गुंडाळून पायांनी मळत राहायचं, तास न् तास, लोकरीचा केस केसात गुंतून एकजीव होईपर्यंत. माझ्या मामांच्या घरी हाच धंदा. माझं ते जेन मामांनी मी नोकरीला निघालो तेव्हा दिलेलं. पाहुणा आला तर त्याला आम्ही आधी जेन टाकतो, मग पाणी विचारतो. ते मी ओट्यावर ठेवलं. माझी नोकरी अजून कच्ची होती आणि टेंभेकरांचं हेडमास्तरांकडे वजन होतं.

मग त्यांनी त्यांचं ते ठरलेलं वाक्य ऐकवलं. पुढं मी ते शंभर वेळा ऐकलं. "बंडगर, अंगावर पडते ती लोकर, डोक्यावर चढतं ते फेल्ट. मध्ये हजार वर्षांची सुधारणा आहे."

फेल्ट म्हणजे जेनासारखीच मळून एकजीव केलेली लोकर, हे त्यांना माहीत नव्हतं. कापडाचीच काहीतरी विलायती जात असावी, अशी त्यांची समजूत. पंचवीस वर्षं एक वस्तू जमवणाऱ्या माणसानं ती कशाची असते हे एकदाही कुणाला विचारू नये, याला काय म्हणावं?

आणि टोप्या तरी कुठल्या? सांगलीत नाटक कंपन्या निघायच्या आणि बुडायच्या. कंपनी बुडाली की तिचे पेटारे लिलावात निघत. पडदे, गदा, तलवारी यांना गिऱ्हाईक असे. 'गोऱ्या साहेबां'च्या टोप्यांना एकच गिऱ्हाईक, टेंभेकर मास्तर. म्हणजे नेपोलियन हा मुळात तिसऱ्या अंकातला कुणी कलेक्टर होता. घरी येईपर्यंत तो नेपोलियन होई. चिठ्ठी मास्तर वाटेतच ठरवत.

लढाई सुरू झाल्यावर त्यांना दुसरा झरा सापडला. साताऱ्याकडची पोरं ढिगानं पलटणीत गेलेली. रजेवर येताना मिरज स्टेशनात गाड्या बदलत. टेंभेकर मास्तर रविवारी शाळेची छत्री घेऊन फलाटावर उभे राहत आणि कुणाच्या हातात वेगळी टोपी दिसली की त्याला चहा पाजत. एकदा मीही बरोबर होतो. रहिमतपूरच्या बाजूचा एक जवान बाकावर बसला होता. पिशवीत हिरवट फेल्टची टोपी, तिला एक लांब पीस खोवलेलं. इटलीतून आणलेली. मास्तरांनी हात पुढे केला तसा तो म्हणाला, "घ्या मास्तर, पर एक सांगतो. मेलेल्या मानसाची हाय ती. माझी आई घरात ठिवू देयाची न्हाई. मला टाकवंना बी."

मास्तरांनी पीस उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "मेलेल्याची असेल तर अस्सलच."

जवान चहा तसाच ठेवून उठला. गाडी सुटताना मी खिडकीपाशी गेलो. तो म्हणाला, "ह्ये तुमच्या संगं हाईत?" मी हो म्हणालो. त्यानं मान दुसरीकडे फिरवली. ते मला अजून लागतं. टेंभेकरांना लागलं नाही. घरी आल्यावर चिठ्ठी झाली: 'विलायती शिकारी'.

त्यांच्या शौर्याचीही एक गोष्ट सांगतो. चळवळीच्या दिवसांत पोरं चौकात परदेशी कपड्यांची होळी करू लागली, तेव्हा तोवर जमलेल्या सगळ्या टोप्या ज्वारीच्या कणगीत गेल्या आणि मास्तरांच्या डोक्यावर पांढरी खादीची टोपी आली. ती राहिली दीड महिना. होळ्या विझल्या, पुन्हा काळी. पुढं स्वातंत्र्य आलं त्या सकाळी पुन्हा पांढरी, दिवाळीपर्यंत. काकू म्हणाल्या, "यांच्या टोपीवरून मी ओळखते, बाहेर कुणाचं राज्य आहे ते."

पण या सगळ्या मडक्यांचा राजा वेगळाच होता. मधल्या फळीवर, मधोमध, तीन कोनांची एक टोपी. खैऱ्या रंगाची, जाड, काठ तीन बाजूंनी वर वळवून टाचलेले. तिच्या चिठ्ठीवर लिहिलेलं: 'इंग्रज सेनाधिकारी, खडकीची लढाई'. काठ उलगडला की आत बोराएवढा काळा ठिपका. मास्तर तो ठिपका प्रत्येकाला दाखवत. आधी दरवाजा लोटून घेत, मग आवाज खाली आणून म्हणत, "बंदुकीच्या दारूचा डाग. गोळी इथून चाटून गेली. दोन बोटं अलीकडे असती तर इतिहास बदलला असता." खडकीच्या वेळी साहेब तीन कोनी टोपी घालत होते का, ही फॅशन तोवर जुनी झाली नव्हती का, हे बघायला पुस्तकं होती. शाळेच्या कपाटात होती. पुस्तक उघडलं तर टोपी बंद करावी लागेल, एवढं मात्र त्यांना कुठंतरी कळत असावं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी ते टोप्यांना वाफ देत. स्टोव्हवर किटली, किटलीच्या तोंडावर टोपी, मग मऊ ब्रश. एका रविवारी मी हजर होतो. तीन कोनी टोपी वाफेवर धरली आणि दोन मिनिटांत खोलीभर वास सुटला. मास्तरांनी डोळे मिटले. "समुद्र, बंडगर. सहा महिने गलबतातून आलेली टोपी आहे. खारा वारा अजून आत आहे."

मी लहानपणापासून त्या वासात झोपलो होतो. पावसात भिजलेलं मेंढरू तसं वास मारतं. आणि मामांचं ओलं जेन. बरोबर चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास, कारण जेनाला ताठपणा यावा म्हणून आमच्याकडे तीच खळ लावतात. आणि तो काळा ठिपका? मामांच्या घरी प्रत्येक जेनाच्या एका कोपऱ्यात काळ्या लोकरीची चिमूट दाबून देतात. तान्ह्या पोराच्या गालाला लावतो तशी तीट. नवी वस्तू, तिला नजर लागू नये म्हणून.

मला तिथंच कळलं. मी बोललो नाही. का नाही बोललो ते वर एकदा सांगितलं आहे, नोकरी कच्ची होती. मनात मात्र हसलो, आणि त्यानंतर दर महिन्याला हसत राहिलो.

लढाई संपली त्या हिवाळ्यात साताऱ्याच्या इतिहासप्रेमी मंडळींनी एक प्रदर्शन भरवलं. लोकांनी आपापल्या घरातल्या जुन्या वस्तू आणायच्या, जाणकारांनी पाहायच्या आणि पसंत पडतील त्यांना मंडळाच्या वस्तुसंग्रहात कायमचं काचेचं कपाट, त्यावर देणाऱ्याचं नाव. टेंभेकर मूळचे साताऱ्याचेच. लहानपणी ज्या गावात त्यांना वार लावून जेवावं लागलं होतं, त्या गावात काचेवर आपलं नाव लागावं, याशिवाय त्यांना दोन महिने दुसरं काही सुचत नव्हतं. पाटीचा मजकूरसुद्धा त्यांनी पेंटरकडून रंगवून घेतला: 'टेंभेकर शिरस्त्राण संग्रह'. ती पाटी ट्रंकेत सगळ्यात वर ठेवली होती.

खोकी उचलायला मी. "तुम्ही अंगानं मजबूत आहात," असं ते म्हणाले. बी.ए.चा उपयोग एवढाच.

साताऱ्यात पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदर्शनाच्या दालनात मास्तरांनी टेबलावर टोप्या मांडल्या. मडकी तिथंच कुंभाराकडून आणली. जाणकारांमध्ये मुख्य एक वयोवृद्ध शास्त्रीबुवा होते, काठी टेकत एकेक टेबल बघत येत होते. आणि त्याच वेळी दारात माझे सिदूमामा उभे राहिले.

त्या दिवसांत मामांची मेंढरं कोरेगावच्या बाजूला आली होती. खत व्हावं म्हणून शेतकरी रात्री रानात मेंढरं बसवून घेतात. भाचा साताऱ्यात येणार हे पत्रानं कळलेलं, म्हणून भाकरी बांधून पायी आले होते. गुडघ्यापर्यंत धूळ, डोक्यावर लाल मुंडासं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे, आणि सरळ पुढे येऊन तीन कोनी टोपीला हात घातला.

"म्हाताऱ्या, हात लावू नकोस," टेंभेकर म्हणाले. "घाण होईल."

मामांनी ऐकलं नाही. अंगठ्यानं काठ उलगडला आणि त्यांचं सगळं तोंड हसलं. "आरं, ही तर माझ्या हातची हाय."

मास्तरांनी मला विचारलं, "कोण हा?"

मी म्हणालो, "माझे मामा."

तोवर शास्त्रीबुवा टेबलाशी पोचले होते. त्यांनी मामांना विचारलं, तुमच्या हातची म्हणजे कशी? मग मामांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सांगलीहून एका नाटक कंपनीचा मॅनेजर बैलगाडीनं गावात आला होता. त्याला साहेबाची पलटण उभी करायची होती. बारा टोप्या पाहिजेत म्हणाला आणि पोराच्या पाटीवर आकार काढून दाखवला. मामांनी पालथ्या घागरीवर जेन मळून डोक्याचा घेर काढला, काठ वळवले, खळ लावली. बारा टोप्या, बारा तिटा. "बाकीच्या अकरा कुटं गेल्या कुनाला ठावं," मामा म्हणाले. "ही एक ऱ्हायली. चांगली राखलिया मास्तरांनी."

हे शेवटचं त्यांनी कौतुकानं म्हटलं होतं. टेंभेकरांना ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

"हा दारूचा डाग आहे," मास्तर शास्त्रीबुवांना म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "खडकीचा. हा माणूस अडाणी आहे. काहीही बोलतो."

मामा रागावले नाहीत. म्हणाले, "आवं, भांडताय कशाला? वाईच गरम पानी शिपडा आनि वास घ्या."

चहाची किटली तिथंच होती. मास्तर नको नको म्हणत असताना शास्त्रीबुवांनी काठावर चार थेंब टाकले, टोपी नाकाशी नेली आणि डोळे मिटले. टेंभेकर ज्या तऱ्हेनं मिटत, अगदी त्याच तऱ्हेनं. मला वाटलं आता हेही समुद्र म्हणणार.

ते म्हणाले, "हा तर माझ्या पूजेच्या लोकरीच्या आसनाचा वास. पहाटे ओल्या पंच्यानं त्यावर बसलो की रोज येतो. साठ वर्षं येतो आहे."

आजूबाजूची दोन माणसं हसली. मीही हसलो. खोटं कशाला सांगू, मोकळेपणानं हसलो. दोन वर्षं पोटात धरलेलं हसू होतं ते.

शास्त्रीबुवा हसत नव्हते. बाकीच्या पंचवीस टोप्यांवर त्यांनी काठी फिरवल्यासारखी केली आणि त्या घरी न्यायला सांगितलं. तीन कोनी मात्र हातातून खाली ठेवली नाही. म्हणाले, "ही आम्ही ठेवू. असं काम मी पाहिलं नाही. मात्र चिठ्ठी खरी लिहायची. करणारा हा, नाटक कंपनीसाठी. देणारे टेंभेकर मास्तर. काचेवर दोघांचीही नावं."

म्हणजे नाव लागत होतं. साताऱ्यात, काचेवर, कायमचं. फक्त वर एका मेंढरंवाल्याचं आणि खाली त्यांचं. मी मास्तरांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी ट्रंकेतल्या पाटीकडे पाहिलं, मामांच्या धुळीच्या पायांकडे पाहिलं, आणि शास्त्रीबुवांच्या हातातून टोपी काढून घेतली.

"मी संग्रह फोडत नाही," ते म्हणाले.

मामांना त्यातलं काही समजलं नाही. त्यांना वाटलं, मास्तरांचा टोपीवर फार जीव आहे. त्यांनी भाकरी सोडली, अर्धी मास्तरांच्या पुढे केली. मास्तरांनी घेतली नाही.

परतीच्या गाडीत खोकी वर ठेवलेली आणि ती एक टोपी मास्तरांच्या मांडीवर. माधवनगर आलं, गिरणीची चिमणी दिसली, तेव्हा म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"केव्हापासून?"

"तुम्ही मला पहिल्यांदा वाफ दाखवलीत तेव्हापासून."

त्यांनी मान हलवली. "आणि महिन्याच्या महिन्याला येऊन बसत होता," एवढंच म्हणाले. पुढच्या जूनमध्ये माझी नोकरी कायम झाली. त्यांनी हेडमास्तरांकडे माझ्याविरुद्ध शब्द टाकला असता तर झाली नसती. त्यांनी टाकला नाही की टाकूनही चालला नाही, ते मी विचारलं नाही.

आता कुणी म्हणेल, एवढं झाल्यावर माणूस सुधारला असेल. मुळीच नाही. महिन्याभरात टोप्या परत मडक्यांवर. चिठ्ठ्या त्याच. माझ्यापुढे मात्र त्यांनी त्यानंतर कधी किटली चढवली नाही.

दशक संपत आलं तेव्हा मला दुसऱ्या गावी हेडमास्तरकी मिळाली. निघायच्या दिवशी दुपारी निरोप घ्यायला गेलो. दरवाजा लोटलेला होता, आतून तोच खाली आणलेला आवाज. शाळेत एक नवा मास्तर आला होता, त्याला खडकीची लढाई चालली होती. मी दार ढकललं. टेंभेकरांनी मला पाहिलं, क्षणभर अडखळले आणि लढाई पुढे चालू केली. लाज नावाची गोष्ट त्या माणसात नव्हती. फक्त टोपी त्यांनी अशी धरली होती की अंगठा नेमका त्या ठिपक्यावर आलेला. डागाची गोष्ट त्यांनी सांगितली नाही. गोळीची नाही, दोन बोटांची नाही. नवा मास्तर नमस्कार करून गेला.

मी पेढ्यांची पुडी ठेवली. काकूंनी पाणी आणून दिलं, कळशीतलंच. माझं जेन खांद्यावर होतं. कुणी ते बाहेर ठेव म्हणालं नाही. मास्तर टोपीचा काठ पुसत बसले होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "मामा कसे आहेत?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"गेले," मी म्हणालो. "माघात गेले."

त्यांनी तीन कोनी टोपी मडक्यावर नीट बसवली. मग हात वर नेला आणि डोक्यावरची काळी टोपी काढून मांडीवर ठेवली. आमच्याकडे सुतकात पुरुष बोडक्या डोक्यानं बसतात, तसे बसले. स्वयंपाकघराच्या दारातून काकू बघत राहिल्या. मीही बघितलं. सव्वीस टोप्यांच्या धन्याचं डोकं. त्यात विशेष काही नव्हतं. मागं थोडे पांढरे केस, टोपीच्या काठाचा कपाळावर पडलेला वळ, आणि बाकी चारचौघांसारखं, म्हातारं.